किल्ले युनेस्कोकडे गेलेले नाहीत

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. तेव्हापासून "किल्ले आता युनेस्कोच्या ताब्यात" हे वाक्य जिकडेतिकडे ऐकू येतं. ते साफ चुकीचं आहे. बारांपैकी अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी.

गल्लत होते ती जागतिक वारसा आणि संरक्षित स्मारक यांत. पहिला आहे मान. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय कराराखाली तो मिळतो आणि जपणुकीची जबाबदारी त्या त्या देशावरच राहते. युनेस्को पहारेकरी नेमत नाही, गुन्हा नोंदवत नाही. फार झालं तर यादीतून नाव काढते. एल्बे नदीवरच्या नव्या पुलापायी जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं २००९ मध्ये काढलं, पूल मात्र उभा राहिलाच.

संरक्षित स्मारकामागे देशाचा कायदा असतो. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय स्मारक विद्रूप केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तटावर बदाम कोरणाऱ्याला अडवायची ताकद इथे आहे.

पन्हाळ्यावर तर गावच नांदतं. युनेस्को आपल्याला उठवणार, अशी धास्ती तिथल्या लोकांनी घेतली होती. ती समजण्यासारखी आहे, पण तिचा रोख चुकला. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट, हे २०१० पासून आपल्याच कायद्यात आहे. यादी आली ती त्यानंतर पंधरा वर्षांनी.

उलट, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासून जागतिक वारसा आहे. तरी ते रेल्वेचंच आहे आणि लोकल रोज सुटतात.

यादीत नाही म्हणून तोरण्याला दुय्यम मानणं मला अजिबात पटत नाही. स्वराज्याच्या अगदी सुरुवातीचा किल्ला आहे तो.

ढासळलेल्या बुरुजाचे फोटो युनेस्कोला टॅग करण्यात वेळ घालवू नका. साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. फोटो, जागा आणि तारीख घालून लेखी तक्रार त्या त्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या.