दगडात कोंडलेलं पाणी

जिप्सम या खनिजाच्या शंभर ग्रॅम वजनाच्या शुद्ध स्फटिकात जवळपास २१ ग्रॅम चक्क पाणी असतं. हाताला मात्र जरासुद्धा ओल लागत नाही. हे पाणी भेगांमध्ये साचलेलं नसतं, तर स्फटिकाच्या रचनेतच बांधलेलं असतं. कॅल्शियम आणि सल्फेट यांचे थर आतून मजबूत असतात, पण अशा दोन थरांच्या मध्ये पाण्याच्या रेणूंचा पदर असतो आणि तिथली पकड ढिली असते. म्हणूनच जिप्समचे काचेसारखे पारदर्शक पापुद्रे सुटतात आणि साध्या नखानेही त्यावर ओरखडा उठतो.

समुद्राचं पाणी आटू लागलं की त्यातून मिठाच्या आधी जिप्सम बाहेर पडतं. त्याचे बहुतेक मोठे साठे असेच तयार झाले. मेक्सिकोतल्या नाइका खाणीतली कथा मात्र निराळी आहे. तिथे सुमारे ३०० मीटर खोलीवरच्या गुहेत २००० साली अकरा मीटरहूनही लांब स्फटिक सापडले, अक्षरशः झाडाच्या खोडाएवढे! खाली तापलेला शिलारस (जमिनीखालचा वितळलेला खडक) आणि गुहेत भरलेलं, ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास टिकून राहिलेलं पाणी. या तापमानाला जिप्सम इतकं सावकाश जमतं, की नवे स्फटिक फारसे सुरूच होत नाहीत; असतात तेच लाखो वर्षं वाढत राहतात.

माणसाला या खनिजाचा खरा उपयोग सापडला तो त्यातलं पाणी काढून घेण्यात. जिप्सम सुमारे १५० अंशांपर्यंत तापवलं, की त्यातलं तीन-चतुर्थांश पाणी उडून जातं आणि उरते ती प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी. तिच्यात पाणी कालवलं की ती गेलेलं पाणी परत घेते. सुईसारखे बारीक स्फटिक एकमेकांत अडकत वाढतात आणि मिश्रण दगडासारखं घट्ट होतं. हे होताना उष्णता बाहेर पडते. हाडावरचं ओलं प्लास्टर गरम लागतं ते त्यामुळेच. शिवाय ते किंचित फुगतं, त्यामुळे साच्यातली बारीकसारीक रेषही उमटते. भुकटी फार तापवली, तर मात्र ती पाण्याला नीट दाद देत नाही.

सिमेंटमध्येही थोडं जिप्सम दळतात, नाहीतर ते कालवता कालवताच आळेल. जिप्सम बोर्डाची भिंत आग काही काळ थोपवते, कारण आधी आतलं पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते. पण जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं, लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम. त्यामुळे पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर त्याचा गिलावा टिकत नाही.