पिरॅमिड योजना आणि पॉन्झी योजना

गणपतीला चाकरमानी गावी आले की आरतीनंतर पडवीत एखादी नवी योजना निघतेच. गेल्या वर्षी आमच्या वाडीत निघाली, तेव्हा काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ही पॉन्झी काय रे?" पॉन्झी नव्हती, पिरॅमिड होती. पैसा दोन्हींत बुडतो, पण वाट वेगळी. ती कळली तर वेळेत नाही म्हणता येतं.

पिरॅमिड म्हणजे मुळात गिझाची ती चौकोनी पायाची, वर निमुळती होत गेलेली राजांची थडगी. इंग्रजीत मग हा शब्द तसा आकार असलेल्या कशालाही लागला: आहाराच्या तक्त्याला, लोकसंख्येच्या आलेखाला, आपल्या गोविंदांच्या थरांनाही. पण थर लावताना खालचा थर आधी उभा राहतो, तोही सगळ्यांत दणकट पोरांचा. योजनेत उलटं. टोकाचा माणूस आधी बसतो आणि त्याला तोलणारे मागाहून शोधावे लागतात.

समजा, प्रत्येकाने पैसे भरून सहा जण आणायचे आणि कमाई त्या सहांच्या प्रवेशाच्या पैशांतून. ६, ३६, २१६, १,२९६ असं वाढत आठव्या पायरीला १६,७९,६१६ माणसं लागतात. २०११च्या जनगणनेत अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती, पाळण्यातल्या पोरांसकट. साबण-चूर्णाचे डबे दाखवून हा मालाचाच धंदा आहे असं सांगितलं तरी एवढंच विचारा: मिळणारे पैसे माल खपल्याचे, की माणसं जोडल्याचे?

पॉन्झीत माणसं जोडायची अट नसते. पैसे द्यायचे आणि घरी बसून वाट बघायची. १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीने टपालाच्या आंतरराष्ट्रीय कूपनांच्या (परदेशी पत्राच्या उत्तराचा टपालखर्च भागवणाऱ्या चिठ्ठ्यांच्या) धंद्यातून ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो असं सांगितलं. धंदा नावापुरता होता. नव्यांचे पैसे तो जुन्यांना देत होता. सुरुवातीच्यांना खरोखर पैसे मिळाले, म्हणूनच बाकीचे धावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सगळं कोसळलं.

मला पिरॅमिडची भीती जास्त वाटते. पॉन्झीत माणूस स्वतःचे पैसे गमावतो. इथे तो मावशीला, शेजाऱ्याला स्वतःच्या हाताने आत ओढतो, आणि पैसे गेल्यावर त्याच घरांतलं येणं-जाणं तुटतं. शिवाय १९७८च्या केंद्रीय कायद्याने अशी योजना चालवणं तर गुन्हा आहेच, तिच्यात सभासद होणंही गुन्हा आहे.

भिशीला मात्र यांच्यात ओढू नका. दहा बायका, दहा महिने, प्रत्येकीला एकदा उचल. जेवढं भरलं तेवढंच हाती, नफ्याचं आमिष नाही.

पॉन्झीसारख्या ठेवीत पैसे अडकले असतील तर पावत्या, मेसेज, बँकेच्या नोंदी घेऊन पोलिसांत तक्रार करा. ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा १९९९चा कायदा आहे; त्याखाली बुडवणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येते.