पार्श्वभूमी : कथिलाची तार, लाजाळूचे पान आणि चराचरातले चैतन्य

‘वनस्पतींनाही जीव असतो हे जगदीशचंद्र बोस यांनी सिद्ध केले.’ हे वाक्य आपल्याकडे शाळेच्या फळ्यावर असते, कीर्तनात असते आणि झाडे वाचवण्याच्या सभेतही असते. पुढे लगेच दुसरे वाक्य येते : म्हणजे चराचरात एकच ईश्वरी शक्ती आहे, हे विज्ञानाने मान्य केले. या दोन वाक्यांमध्ये फार मोठी उडी आहे. शिवाय पहिले वाक्यच चुकीचे आहे. वनस्पती सजीव नाहीत असे बोस यांच्या काळी कोणी म्हणतच नव्हते. ग्रीकांनी झाडांना वाढीचा आणि पोषणाचा आत्मा दिला होता. आपल्याकडे शांतिपर्वातल्या भृगु-भरद्वाज संवादात झाडाच्या एकेका इंद्रियासाठी पुरावा मांडला आहे : उष्णतेने पाने कोमेजतात म्हणून स्पर्श, गडगडाटाने फुले-फळे गळतात म्हणून श्रवण, वेल वाट काढत झाडाला वेढतो म्हणून दृष्टी, धुपाने रोग हटतो म्हणून घ्राण, मुळांनी पाणी पिते म्हणून रस. जैन परंपरेत वनस्पती एकेंद्रिय जीव आहेत. तेव्हा प्रश्न जीव आहे की नाही हा नव्हता. सजीवाच्या प्रतिसादासाठी भौतिक नियमांपलीकडची एखादी वेगळी शक्ती मानावी लागते का, हा होता. बोस यांचे पहिले उत्तर ‘नाही’ असे होते, आणि नेमके तेच आज विसरले गेले आहे.

बोस मुळात वनस्पतींचे अभ्यासक नव्हतेच. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत आणि बिनतारी लहरींवर काम करत. लहरी टिपणारे धातूचे ग्राहक यंत्र सतत वापरले की मंदावते आणि थोडा वेळ तसेच ठेवले की पूर्ववत होते, हे 1899 च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले. थकवा आणि विश्रांती हे शब्द स्नायूंसाठी राखून ठेवलेले असताना धातूचा आलेखही तसाच येत होता. 1900 साली पॅरिसच्या भौतिकशास्त्र परिषदेत त्यांनी सजीव आणि निर्जीव पदार्थांतल्या या साम्यावर निबंध वाचला. पुढचे सारे या साम्यातून निघाले.

प्रयोगाची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे, कारण नंतरच्या बऱ्याच दाव्यांचा कस तिथेच लागतो. गाजर, मुळा, सलगम किंवा फ्लॉवरच्या देठाचा तुकडा घ्यायचा. तो मधोमध पकडीत घट्ट आवळायचा. पकडीच्या दोन्ही बाजूंना एकेक विद्युत-जोड लावून तारा संवेदनशील गॅल्व्हानोमीटरला, म्हणजे बारीकसा विद्युतप्रवाहही काट्याने दाखवणाऱ्या उपकरणाला, न्यायच्या. मग एकाच बाजूच्या टोकाला ठरावीक कोनातून झटकन पीळ द्यायचा आणि परत आणायचा. त्या बाजूच्या पेशी क्षुब्ध होतात, दुसरी बाजू शांत राहते, दोन्हींच्या विभवात, म्हणजे विद्युत दाबात, फरक पडतो आणि काटा हलतो. मधली पकड ढिली असेल तर धक्का दोन्ही बाजूंना पोचतो. मग सारख्या शक्तीचे दोन प्रवाह एकमेकांविरुद्ध वाहतात, काटा जागचा हलत नाही आणि ‘प्रतिसाद नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

दुसरी अडचण जोडांची. तांब्याची तार थेट ओल्या देठात खुपसली तर धातू आणि रस यांच्यात रासायनिक क्रिया होऊन तीच एक छोटी बॅटरी बनते. काटा हलतो, पण देठामुळे नव्हे. म्हणून जस्ताची कांडी झिंक सल्फेटच्या द्रावणात बुडवून, मध्ये मिठाच्या पाण्यात कालवलेल्या चिनी मातीचा थर ठेवून जोड देठापर्यंत आणत. आजही शाळेच्या प्रदर्शनात मल्टिमीटरच्या टोच्या कुंडीतल्या झाडात खुपसून ‘झाड बोलते’ असे दाखवतात. तिथे आकडा बहुतेक वेळा टोच्यांचाच असतो.

तिसरी गोष्ट तुलनेची. तोच देठ गरम पाण्यात बुडवून मारायचा आणि तसाच पीळ पुन्हा द्यायचा. जिवंत देठ प्रतिसाद देतो, मेलेला देत नाही. क्लोरोफॉर्मच्या वाफेने प्रतिसाद हळूहळू मावळतो. ही जोडी नसेल तर प्रयोगाला किंमत नाही.

यानंतर त्याच मांडणीत देठाऐवजी कथिलाची तार बसवली. पीळ दिला की काटा हलला. घाईघाईने लागोपाठ पीळ दिले तर उसळी लहान होत गेली, विसावा दिला की परत वाढली. सोडियम कार्बोनेटने उसळी वाढली, पोटॅशियम ब्रोमाइडने मंदावली, ऑक्झॅलिक आम्लाने जवळजवळ संपली. उत्तेजक, गुंगी आणि विष हे तिन्ही परिणाम धातूवर दिसले.

10 मे 1901 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बोस यांनी हे आलेख दाखवले. व्याख्यानाच्या शेवटी ते म्हणाले की या मूक नोंदी पाहताना, तीस शतकांपूर्वी गंगेकाठी आपल्या पूर्वजांनी सांगितलेल्या एकत्वाचा थोडासा अर्थ आपल्याला उमगला. हाच भाग पुढे सर्वत्र उद्धृत झाला. पण त्याच सामग्रीवर 1902 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचा युक्तिवाद वेगळ्या दिशेने जातो. भौतिक कुठे संपते आणि जैविक कुठे सुरू होते ही रेषा आखता येत नाही, म्हणून सजीवाच्या प्रतिसादासाठी गूढ ‘प्राणशक्ती’ गृहीत धरण्याचे कारण उरत नाही, असे ते मांडतात. कथील जर स्नायूसारखे वागत असेल तर त्याचे दोन अर्थ लागतात : कथिलातही प्राण आहे, किंवा स्नायूच्या त्या वागण्याला प्राण लागत नाही. प्रयोगशाळेतल्या बोस यांनी दुसरा घेतला, व्यासपीठावरच्या बोस यांच्या शब्दांतून लोकांनी पहिला घेतला. दोन्ही त्यांच्यात होते हे खरे. पण पुरावा म्हणून पुढे करायचा तर दुसराच करावा लागतो.

सगळ्यात मोठा वाद पेटला तो एका शब्दावरून. 6 जून 1901 रोजी रॉयल सोसायटीत बोस यांनी साध्या वनस्पतींच्या विद्युत ‘प्रतिसादा’वर निबंध वाचला. समोर होते ऑक्सफर्डचे एक ज्येष्ठ शरीरक्रियाशास्त्रज्ञ. कीटक पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानातला विद्युत स्पंद 1873 सालीच त्यांनी मोजला होता, म्हणजे या क्षेत्रात त्यांचा अधिकार निर्विवाद होता. त्यांचे म्हणणे असे : हालचाल करणाऱ्या काही खास वनस्पतींत असा प्रतिसाद असतो, गाजर-मुळ्यात तो असणे शक्य नाही. शीर्षकातला ‘प्रतिसाद’ काढून ‘प्रतिक्रिया’ असा भौतिकशास्त्राला शोभणारा शब्द घाला, मग निबंध छापता येईल. प्रतिसाद हा शरीरशास्त्राचा शब्द आहे, एका भौतिकशास्त्रज्ञाने त्या अंगणात येऊ नये, असाही त्यात सूर होता.

बोस यांनी शब्द बदलायला नकार दिला आणि निबंध दप्तरी पडला. इथे त्यांची बाजू घ्यावी असेच वाटते. हा निव्वळ मानापमान नव्हता. ‘प्रतिक्रिया’ मान्य केली असती तर सजीवाचा आणि निर्जीवाचा खाना वेगळा हे गृहीतक निबंधाच्या शीर्षकातच मान्य झाले असते, आणि निबंध तर त्याच गृहीतकाविरुद्ध होता. हरकत घेणाऱ्यांचाही एक मुद्दा मात्र खरा होता, तो खाली येतो. दरम्यान लंडनच्या दुसऱ्या एका शरीरक्रियाशास्त्रज्ञाने वनस्पतींच्या विद्युत प्रतिसादाचा शोध स्वतःच्या नावे मांडला. 1902 साली लिनियन सोसायटीने बोस यांचा निबंध घेतला तेव्हा अग्रहक्काचा प्रश्न निघाला, चौकशी झाली आणि निकाल बोस यांच्या बाजूने लागला. साध्या वनस्पतींतही विद्युत प्रतिसाद असतो, हे आज पाठ्यपुस्तकातले ज्ञान आहे.

हरकतीतला खरा मुद्दा धातूंबाबत होता. कथिलाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. पीळ दिला की तो तडकतो, ओलाव्याशी नव्याने संपर्क येतो, विभव बदलते आणि थर पुन्हा बसला की पूर्ववत होते. आम्ल किंवा क्षार तोच थर बदलतात. देठात मात्र पेशीच्या पटलातून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत-बाहेर जातात आणि पेशी ऊर्जा खर्चून मूळ स्थिती परत आणते. आलेख सारखा, कारण वेगळे. उसळी, थकवा आणि विसावा हा आकार इतक्या वेगवेगळ्या यंत्रणांतून येऊ शकतो की त्यावरून एकच शक्ती सगळीकडे आहे असे म्हणता येत नाही. प्राणशक्ती नाकारणाऱ्या बोस यांनाही हा आक्षेप लागतो आणि प्राणशक्ती मानणाऱ्या वाचकांनाही.

पुढची वीस वर्षे बोस यांनी उपकरणांवर घालवली आणि कारागीर म्हणून त्यांना तोड नव्हती. लाजाळूचे पान मिटताना तरफेला ओढते आणि तरफेचे टोक काजळी धरलेल्या काचेवर रेघ काढते. पण पानाची ओढ इतकी नाजूक की टोकाच्या घर्षणातच ती विरते. यावर त्यांनी तरफच कंपायमान केली. टोक काचेला सतत घासत नाही, सेकंदाला अनेकदा टेकून उठते आणि रेघेऐवजी ठिपक्यांची माळ उमटते. घर्षण जवळपास गेले आणि ठिपके मोजून वेळही मिळाली.

क्रेस्कोग्राफ या रोपाची वाढ मोजणाऱ्या त्यांच्या यंत्रात दोन तरफा एकापुढे एक जोडलेल्या होत्या. प्रत्येकीने शंभर पट वाढवले की एकूण दहा हजार पट. तासाला 1 मिलिमीटर वाढणारे रोप घेतले तर सेकंदाची वाढ सुमारे 0.00028 मिलिमीटर येते. काचेवर ती जवळपास 2.8 मिलिमीटर दिसते. पण वाढीबरोबर चुकाही तितक्याच फुगतात. ऊब लागून स्टँड 0.001 मिलिमीटर सरकला तरी काचेवर 1 सेंटिमीटरची खोटी वाढ उमटते. पुढच्या चुंबकीय आवृत्तीत, जिथे वर्धन एक कोटी पटींपर्यंत नेले होते, तीच चूक 10 मीटर होते. रस्त्यावरची गाडी, खोलीतला झोत, तरफेचे वजन, सगळे नोंदीत शिरते. म्हणूनच 1920 साली लंडनमध्ये शंका घेतली गेली की हे रोपाच्या वाढीचे आलेख नसून उष्णतेने होणारे प्रसरण असावे. एप्रिलमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजात तज्ज्ञांसमोर प्रात्यक्षिक झाले, दहा लाख ते एक कोटी पटींपर्यंतची नोंद खरी असल्याचे त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्राने सांगितले, आणि त्याच वर्षी बोस रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

त्याआधी, 30 नोव्हेंबर 1917 ला, कलकत्त्यात त्यांची संशोधनसंस्था सुरू झाली. उद्घाटनात त्यांनी तिला प्रयोगशाळेबरोबरच मंदिरही म्हटले. स्वतःचा शोध आणि परंपरेतले एकत्व यांची सांगड ते आता उघडपणे घालू लागले होते. 1920 च्या दशकात खोडाच्या आतल्या सालीतल्या पेशी हृदयासारख्या धडधडून रस वर चढवतात असा दावा त्यांनी केला. तो टिकला नाही. पानांतून बाष्प जाताना पाण्याचा सलग स्तंभ वर ओढला जातो, हे 1894 पासूनचे स्पष्टीकरणच उभे राहिले. बोस यांच्यावर लिहिणाऱ्या मराठी लेखांत ही बाजू क्वचितच येते. ती यायला हवी.

ईश्वरी शक्तीच्या बाजूने बोस यांच्याबरोबर हमखास उद्धृत होणारा दुसरा प्रयोग 1966 चा. न्यू यॉर्कमध्ये खोटे पकडण्याच्या यंत्राच्या एका तज्ज्ञाने ड्रासिना या शोभेच्या झाडाच्या पानाला त्या यंत्राचे जोड लावले. पान जाळायचा नुसता विचार मनात आला आणि सुई उसळली, असे त्याने सांगितले. मग खाऱ्या पाण्यातली चिमुकली कोळंबी उकळत्या पाण्यात पडताच शेजारच्या झाडांनी नोंद दिली, असा निबंध त्याने 1968 साली काढला. यंत्र मोजत होते पानाचा विद्युत रोध. जोडाखालची लेई सुकली, पान किंचित घसरले, हवेतला दमटपणा बदलला, कोणी जवळून गेले तरी तो आकडा उसळतो. नोंदपट्टीवर अशा उसळ्या येतच असतात, हवी ती घटना शेजारी ठेवली की जुळते. 1975 साली अमेरिकेतल्या विद्यापीठीय गटाने तुलनेच्या नोंदी ठेवून हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला. झाडांनी कोळंबीच्या मरणाची कोणतीही दखल घेतली नाही. बोस यांचा मेलेला देठ ज्या कामाचा होता, ते काम 1966 च्या प्रयोगात कोणी केलेच नव्हते. म्हणून ही दोन नावे एका दमात घेणे बोस यांच्यावर अन्याय आहे.

शब्दाचा वाद मात्र परत आला. 2005 नंतर काही संशोधकांनी आपल्या क्षेत्राला ‘वनस्पती चेताविज्ञान’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा 2007 साली 36 वैज्ञानिकांनी मिळून पत्र छापले : वनस्पतीत ना मज्जापेशी, ना मेंदू, हे नाव मागे घ्या. काही वर्षांत त्या गटाच्या संस्थेने नाव बदललेही. काम थांबले नाही. 2013 साली एका पानाला जखम झाल्यावर दुसऱ्या पानांपर्यंत जाणाऱ्या विद्युत लहरीमागची जनुके सापडली. आपल्या मेंदूत ग्लुटामेट हे निरोप नेणारे रसायन ओळखणाऱ्या प्रथिनांशी नाते सांगणारी प्रथिने त्यात आहेत. 2018 साली जखमेपासून सेकंदाला सुमारे 1 मिलिमीटर वेगाने पसरणारी कॅल्शियमची लाट चमकणाऱ्या प्रथिनाच्या मदतीने चित्रित झाली. त्याच सुमारास ईथरच्या वाफेत ठेवलेल्या व्हीनस फ्लायट्रॅपचा विद्युत स्पंद थांबतो आणि सापळा मिटत नाही, हे पुन्हा मोजले गेले. वाफ काढून घेतली की स्पंद परततो. भूल माणसाला आणि झाडाला कशी लागते, पटलावर की प्रथिनावर, यावर आता काम चालू आहे.