एमपीथ्री आणि फ्लॅक: फाईल दोन्हीत लहान होते, मग फरक काय?

एमपीथ्री आणि फ्लॅक हे गाण्याच्या फाईलचे दोन प्रकार. एमपीथ्री फ्लॅकमध्ये कन्व्हर्ट केली की क्वालिटी वाढते असं बरेच जण सांगतात, तसं अजिबात होत नाही, नुसती फाईल फुगते. दोन्हीत साईज कमी होते म्हणून घोळ होतो, पण आतलं काम पार वेगळं आहे.

सीडीवर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाची त्या क्षणाची मोजणी), प्रत्येक १६ बिटचं, दोन चॅनल, म्हणजे साधारण १,४११ केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट, यालाच बिटरेट म्हणतात). फ्लॅक मागच्या सॅम्पलांवरून पुढच्याचा अंदाज बांधतं आणि अंदाज जेवढ्याने चुकला तेवढाच फरक लिहून ठेवतं. फरक छोटा असतो, बिट कमी लागतात, आणि फाईल उघडली की बिटन् बिट जसाच्या तसा परत. माणसाला काय ऐकू येतं याच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

एमपीथ्रीचं सगळं गणितच कानावर बसवलंय आणि मला हाच भाग जबरदस्त वाटतो. १००० हर्ट्झचा मोठा सूर चालू असेल तर त्याच वेळचा ११०० चा हळू सूर आपल्याला ऐकूच येत नाही, याला मास्किंग म्हणतात. एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम) आवाज तुकड्यातुकड्याने घेऊन ५७६ फ्रिक्वेन्सींमध्ये वाटतो, कुठे किती गडबड खपेल ते बघतो आणि तिथले आकडे ढोबळ राउंड करून टाकतो. न ऐकू येणारे आवाज काही उडतातही, पण मुख्य काम राउंडिंगचं, त्यातून येणारी खरखर मोठ्या आवाजाआड लपवायची. १२८ केबीपीएसला गाणं सीडीच्या अकराव्या हिश्श्यात बसतं ते असं.

हे कुठे फसतं ते तबला सोलोत ऐका. शांततेत एकदम थाप पडली की ती खरखर साधारण २६ मिलिसेकंदांच्या अख्ख्या तुकड्यात पसरते, थापेच्या आधीसुद्धा. नंतरची खरखर थापच झाकते पण आधीची झाकली जाते ती जेमतेम काही मिलिसेकंदांपुरतीच, म्हणून कमी बिटरेटला थापेची धारच जाते. एन्कोडर अशा जागी छोटे तुकडे घेतो, त्याने बरंच सावरतं, सगळं नाही.

आता ही एमपीथ्री फाईल फ्लॅकमध्ये टाकली तर फ्लॅक ती खरखरही इमानेइतबारे जपणार. त्यामुळे घरच्या जुन्या कॅसेट डिजिटल करताय तर मूळ कॉपी फ्लॅकमध्येच ठेवा आणि मोबाईलसाठी त्यातून एमपीथ्री काढा, एमपीथ्रीतून परत एमपीथ्री नकोच, दरवेळी नव्याने राउंडिंग होतं. आणि कुणी दिलेल्या सीडीच्या फ्लॅकची शंका आली तर स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र) उघडून बघा, १६ हजार हर्ट्झच्या आसपास सरळ रेषेत कापलेलं दिसलं तर ती बहुतेक एमपीथ्रीतूनच आलीय.