विमानतळांची इंधनवाहिनी : पंपिंग स्टेशनची क्षमता का वाढवावी लागते

मोठ्या विमानतळांना इंधन पुरवणाऱ्या अनेक पाइपलाइन मुळात प्रवासी विमानांसाठी टाकलेल्याच नव्हत्या. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात हवाई तळांसाठी जमिनीखाली जाळे टाकले. २०१५ मध्ये ते सीएलएच या स्पॅनिश कंपनीला विकले गेले; आज नागरी विमानतळही त्यावर अवलंबून आहेत. १९५०च्या दशकात नाटोने मध्य युरोपात लष्करासाठी उभारायला घेतलेल्या जाळ्यातून आता फ्रँकफर्ट, ब्रसेल्स आणि ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाला इंधन जाते. उड्डाणे वाढली, नळीचा व्यास मात्र तोच राहिला. नवी नळी टाकायची तर जमीनमालकांची संमती, नदी-रेल्वे ओलांडण्याचे परवाने यांत कित्येक वर्षे जातात. म्हणून क्षमता वाढवायची म्हटले की आधी पंपिंग स्टेशनकडेच पाहिले जाते.

इथला हिशेब मात्र कडक आहे. घर्षणात खर्ची पडणारा दाब प्रवाहाच्या साधारण १.८ व्या घाताने वाढतो. सव्वापट इंधन न्यायचे तर घर्षणासाठी दीडपट दाब लागतो आणि त्यासाठीची पंपाची शक्ती जवळजवळ दुप्पट होते. जुनी नळी आधीच कमाल अनुज्ञेय दाबावर चालत असेल, तर मोठा पंप बसवून काही साधत नाही. वाटेत नवे स्टेशन घालावे लागते. सपाट प्रदेशात बरोबर मधोमध एक स्टेशन घातले, तर त्याच कमाल दाबात प्रवाह सुमारे ४५ टक्के वाढू शकतो.

पेट्रोल, डिझेल आणि कच्च्या तेलाला दुसरी, स्वस्त वाट सापडली. लांब साखळीचा पॉलिमर अत्यल्प प्रमाणात मिसळला की घर्षण घटते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ टॉम्स यांनी १९४८ मध्ये मांडले होते. १९७९ मध्ये ट्रान्स-अलास्का पाइपलाइनवर त्याचा वापर सुरू झाला आणि पुढे हे ड्रॅग रिड्यूसर (घर्षण घटवणारे पदार्थ) जगभर रुळले. जेट इंधनात मात्र त्यांना परवानगी नाही, कारण फिल्टर चोंदण्याची आणि इंजिनातला इंधनाचा फवारा बिघडण्याची भीती असते. एकाच नळीतून वेगवेगळी इंधने आळीपाळीने जात असतील, तर जेटची खेप यायच्या आत पॉलिमर मिसळणे बंद करावे लागते आणि तेवढा वेळ लाइन मंदावते. विमानतळांच्या बाबतीत सगळा भार पंपांवर येतो, तो यामुळे.

प्रत्यक्ष काम इंपेलरपासून, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चक्रापासून सुरू होते. बरेचदा तो सुरुवातीला कातून लहान केलेला असतो. त्याच केसिंगमध्ये (पंपाच्या कवचात) पूर्ण व्यासाचा इंपेलर बसतो, पण मोटर, केबल आणि ट्रान्सफॉर्मरची तेवढी क्षमता आहे का ते आधी तपासावे. सक्शनची, म्हणजे पंपात इंधन शिरते ती बाजू हमखास विसरली जाते. प्रवाह वाढला की पंपाला तोंडाशी जास्त दाब लागतो, आणि नेमका तेव्हाच सक्शन लाइन व गाळणीतला तोटाही वाढतो. टाकीची पातळी उतरली की पंपात वाफेचे बुडबुडे फुटू लागतात. आवाज खडी घुसळल्यासारखा येतो, इंपेलरला खड्डे पडतात, पंपाच्या दांड्याभोवतीचे मेकॅनिकल सील गळू लागते. यावर उपाय म्हणजे टाकीजवळ बूस्टर पंप, जो मुख्य पंपाच्या तोंडाशी दाब वाढवून देतो.

दुसरा धोका दाबाच्या लाटेचा. विमानतळाच्या टोकाला व्हॉल्व्ह झटकन मिटला आणि इंधनाचा वेग सेकंदाला १.५ मीटर असला, तर सुमारे १२ बार जादा दाब उसळतो. पंप वाढवताना या लाटेचा (सर्जचा) अभ्यास नव्याने न केल्यास जादा दाब सोडून देणारे जुने रिलीफ व्हॉल्व्ह अपुरे पडतात. व्हॉल्व्ह मिटण्याचा वेळ वाढवणे हा त्यातला सर्वात स्वस्त उपाय.

इंधनातले पाणी आणि कचरा वेगळा करणारे फिल्टर वॉटर सेपरेटरही वाढीव प्रवाहाला पुरले पाहिजेत. फिल्टरमधून जाताना इंधनावर स्थिर वीज साठते. ती ओसरायला टाकीत पडण्यापूर्वी साधारण ३० सेकंद मिळावीत, असा दंडक आहे. प्रवाह वाढला की तीच नळी कमी सेकंद देते. नव्या जोडकामात तांबे, पितळ किंवा जस्ताचा मुलामा इंधनाला लागता कामा नये, कारण या धातूंमुळे जेट इंधन गरम झाल्यावर लवकर बिघडते.

शेवटच्या टप्प्यात घाई किती महाग पडते, हे एप्रिल २०१० मध्ये दिसले. सुराबायाहून निघालेल्या कॅथे पॅसिफिकच्या एअरबस ए-३३० विमानाची दोन्ही इंजिने हाँगकाँगला उतरताना नियंत्रणाबाहेर गेली. सुराबाया विमानतळावरील हायड्रंट (विमानांना इंधन देणाऱ्या जमिनीखालच्या नळ्या) वाढवण्याच्या कामात शिरलेले खारे पाणी इंधनात उरले होते आणि त्यामुळे फिल्टरमधले पाणी शोषक पॉलिमर सुटून इंजिनापर्यंत गेले. म्हणूनच नव्या नळ्या वेगाने इंधन सोडून धुणे (फ्लश करणे), सखल जागांतून पाणी काढणे आणि इंधन काही दिवस भरून ठेवून नमुने तपासणे या कामांचा वेळ आराखड्यात वेगळा धरावा. प्रकल्प लांबला की कात्री सगळ्यात आधी त्यालाच लागते.