साध्या गोळ्यांचा हिशेब

गेल्या जुलैत, रोप लावण चालू असताना, खानापूरकडचे एक मामा आमच्या लॅबमध्ये आले. डोळे पिवळेधमक, गळ्यात काविळीची माळ. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर वर जे सीरम सुटतं ते फिकट असायला हवं; मामांचं हळद कालवल्यागत निघालं. एसजीपीटी 1840. निरोगी माणसात हा आकडा साधारण 40च्या आत असतो. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं हे एन्झाइम रक्तात सांडतं.

औषध काय घेतलं, असं विचारलं तर म्हणाले, "औषध कुठलं? साध्या गोळ्या की!" मुलानं पिशवीतून तीन रिकाम्या स्ट्रिप काढल्या. एक तापाची, एक सर्दीची, एक कंबरेची. मी तिन्हींच्या मागची बारीक अक्षरं वाचली. तिन्हींत पॅरासिटामॉल! 650, 500 आणि 325 मिलिग्रॅम. प्रत्येकी दिवसाला तीन. बेरीज 4425. मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4000. असं आठ दिवस चाललेलं. तोंडाला चव नाही म्हणून जेवण जवळजवळ बंद, आणि चिखलात वाकून अंग मोडतं म्हणून रोज रात्री थोडी दारू.

मर्यादेपेक्षा एवढं जास्त घेतल्यानं धडधाकट माणसाचं यकृत सहसा कोलमडत नाही. मग मामांचं का कोलमडलं? इथं यकृतातली एक विलक्षण व्यवस्था समजून घ्यावी लागते.

पोटात गेलेल्या पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग यकृत दोन रस्त्यांनी निकालात काढतं. एकतर त्याला ग्लुकोजपासून बनलेलं एक आम्ल चिकटवतं, नाहीतर सल्फेट. मग ते लघवीवाटे निघून जातं. उरलेला थोडा भाग, साधारण 5 ते 10 टक्के, सीवायपी2ई1 नावाच्या एन्झाइमच्या हाती लागतो आणि त्यातून नॅपक्वी नावाचा अतिशय आक्रमक रेणू तयार होतो. इलेक्ट्रॉनांना हपापलेला हा रेणू दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो. पण पेशीत ग्लुटाथायोन पहाऱ्यावर असतं. ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसिन या तीन अमिनो आम्लांची ही छोटी साखळी. सिस्टीनला गंधकाचा एक अणू असतो. नॅपक्वी त्या गंधकाला जाऊन चिकटतो आणि निष्प्रभ होतो. मात्र एका नॅपक्वीमागे एक ग्लुटाथायोन खर्ची पडतं.

1973मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेरी मिचेल, डेव्हिड जोलो आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर हे दाखवलं. किरणोत्सारी खूण केलेलं पॅरासिटामॉल टोचून ते यकृतातल्या प्रथिनांना किती चिकटतं हे त्यांनी मोजलं. ग्लुटाथायोनचा साठा 70 टक्क्यांहून जास्त संपेपर्यंत जवळजवळ काहीच चिकटत नव्हतं. त्यानंतर मात्र धरणाचा दरवाजा उघडावा तसं! साठा आधीच रिकामा केलेल्या उंदरांत यकृताची हानी वाढली, आणि सिस्टीन दिलेले उंदीर बचावले. इतका स्वच्छ प्रयोग वाचला की आजही मला भरून येतं.

आता मामांकडे बघा. उपाशी पोटी यकृतातली साखर आटते, म्हणून पहिला रस्ता अरुंद होतो. अन्नातून सिस्टीन येत नाही, म्हणून ग्लुटाथायोनही रोडावतं. रोजच्या दारूनं सीवायपी2ई1 वाढतं. यकृत ज्या बारीक कप्प्यांचं बनलेलं असतं त्या प्रत्येक खंडिकेत मधल्या शिरेभोवतीच्या पेशींत हे एन्झाइम सर्वात जास्त असतं आणि प्राणवायू सर्वात कमी पोचतो, म्हणून मरण तिथून सुरू होतं.

राहिली माळ. कन्नड शेजारी काविळीला कामणी म्हणतात, पण माळेवरचा विश्वास दोन्ही भाषांत सारखाच. ओल्या काड्या विशिष्ट गाठींत ओवलेल्या असतात. त्या वाळून आक्रसल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबत जाते. धडधाकट माणसाच्या गळ्यातही ती लांबेल, खुंटीवर टांगली तरी लांबेल. हिपॅटायटिस ए, म्हणजे विषाणूनं होणारी कावीळ, बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून श्रेय माळेला जातं. मामांचे मात्र माळ उतरायची वाट बघण्यात दोन दिवस गेले, याचा मला खरंच राग येतो.

कारण यावर उतारा आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन, म्हणजे सिस्टीनचंच एक रूप. खूप गोळ्या एकदम पोटात गेल्या असतील तर 8 तासांच्या आत ते दिलं की यकृत बहुतेक वेळा वाचतं. उशिरा दिलं तरी उपयोग होतो. वेळेचं भान सुटतं ते अशासाठी, की पहिल्या दिवशी माणसाला मळमळीपलीकडे फारसं काही जाणवत नाही. गोळ्या जास्त गेल्याची शंका आली तर डोळे पिवळे व्हायची वाट बघू नका, स्ट्रिप घेऊन थेट दवाखाना गाठा.

मामांना त्याच संध्याकाळी दवाखान्यात सलाइनमधून हे औषध सुरू झालं. तीन आठवड्यांनी एसजीपीटी 62वर आला. तपासणीला आले तेव्हा विचारत होते, त्या औषधाला नासक्या अंड्यासारखा वास का येत होता. तो गंधकाचा वास. नॅपक्वी ज्याला चिकटतो, तोच गंधक.