टायटॅनियमचा सायलेन्सर खरोखर नाजूक असतो का?

ट्रायल्सच्या, म्हणजे खडकाळ अडथळ्यांवरून पाय न टेकता तोल सांभाळत चालवण्याच्या स्पर्धेच्या मोटरसायकलला बाहेरून घेऊन बसवलेला टायटॅनियमचा सायलेन्सर पातळ असल्यामुळे लवकर तडकतो, टिकतो तो कंपनीचा स्टीलचाच, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि तो चुकीचा आहे. टायटॅनियमची घनता सुमारे ४.५, तर स्टीलची ७.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. म्हणजे हलकेपणा हा त्या धातूचाच गुण आहे, कमकुवतपणाची खूण नव्हे.

तडा बहुधा नळीच्या मधोमध जात नाही, तर ब्रॅकेटच्या, म्हणजे सायलेन्सर गाडीला अडकवणाऱ्या पट्टीच्या, वेल्डिंगलगत केसासारखा उमटतो, कारण तिथला कंपने शोषणारा रबरी बुश झिजला किंवा नळी ओढूनताणून बोल्टात बसवली, की कंपनांचा सगळा भार त्या एका रेषेवर येतो. स्टीलचीही यातून सुटका नाही.

वेल्डिंगच्या वेळी नळीच्या आतूनही आर्गॉन हा निष्क्रिय वायू सोडला नाही, तर तापलेले टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होते. असा सांधा राखाडी किंवा पांढुरका दिसतो. चांगला सांधा चंदेरी किंवा फिकट सोनेरी असतो, आणि खरेदीपूर्वी तो उजेडात धरून पाहावाच. वापराने नळीवर चढणारी निळी-जांभळी झाक मात्र ऑक्साइडचा पातळ थर असतो, तिला घाबरून सायलेन्सर मुळीच बदलू नये.